काजळीला धरलेले रबर

टायरच्या ट्रेडसाठी केलेल्या कंपाउंडमध्ये शंभर भाग रबरामागे साधारण पन्नास भाग कार्बन ब्लॅक पडतो. रबराच्या साखळ्या या काजळीला किती घट्ट धरून आहेत, यावर टायरची झीज बरीचशी अवलंबून असते. पण ती पकड थेट मोजता येत नाही. ताणबल वाढले की पकड बसली, असे कारखान्यात सर्रास धरून चालतात. ते फसवे आहे, कारण भुकटी नीट विखुरली तरी ताणबल वाढते.

त्यामानाने भरवशाची कसोटी ‘बाउंड रबर’ची, आणि तिला फारसा खर्चही नाही. क्युअर (व्हल्कनाइझ) न केलेल्या कंपाउंडचे मिलिमीटरभर तुकडे करून बारीक जाळीच्या पुडीत टोल्यूइनमध्ये तीन दिवस ते आठवडाभर बुडवून ठेवतात. मधे द्रावक बदलतात. सुटे रबर विरघळून जाते, काजळीला चिकटलेले फुगून जाळीत उरते. मग ते वाळवून वजन करायचे. समजा, 0.60 ग्रॅम नमुन्यात 0.40 ग्रॅम रबर आणि 0.20 ग्रॅम काजळी होती आणि शेवटी 0.32 ग्रॅम उरले, तर 0.12 ग्रॅम रबर चिकटलेले, म्हणजे 30 टक्के. टोल्यूइनच काळे झाले तर मात्र आकड्यावर विसंबू नये: पकड इतकी कमी की काजळीच जाळीतून निसटली. मिक्सिंगनंतर कंपाउंड पडून राहिले तरी हा आकडा वाढत जातो, म्हणून तुलना करायचे नमुने सारखेच मुरलेले हवेत.

काजळीऐवजी सिलिका घातली तर प्रकरण वेगळे. तिच्या कणांना रबरापेक्षा एकमेकांचीच ओढ जास्त, म्हणून सिलेन हे जोडणारे रसायन घालून मिक्सरमध्येच 140 ते 160 अंश सेल्सिअसला सिलिका आणि रबर जोडून घ्यावे लागते. ही जोडणी खरी की नुसती वरवरची, हे कळण्यासाठी तीच चाचणी अमोनियाच्या वातावरणात करतात. अमोनिया वरवरची पकड सोडवतो. उरते ती रासायनिक पकड.

क्युअर झालेल्या रबराला रबर-संशोधक क्राउस यांची 1963 ची पद्धत लागते. काजळीचे प्रमाण वाढवत नेले आणि दर वेळी त्यातले रबर द्रावकात कमी कमी फुगले, तर पकड पक्की. काचेच्या गुळगुळीत मण्यांभोवती उलट घडते: रबर मण्यापासून सुटते आणि मधल्या पोकळीत द्रावक भरतो.

पेन परिणामाच्या आलेखातली कमी घसरण पकडीचा पुरावा म्हणून दाखवतात, ती जपून वाचावी. विकृती (ताणामुळे होणारा आकारबदल) वाढवताना मापांक (ताठरपणा) किती घसरतो, यातून मुख्यतः कणांची आपसातली साखळी कळते, आणि जाड्याभरड्या कणांची भुकटी घातली तरी ही घसरण कमीच दिसते.