आमचा समुद्र निळा नाही

राळ हा शब्द आमच्या पिढीला नाटकामुळे माहीत. जुन्या खेळांत राक्षस रंगमंचावर यायचा तेव्हा मशालीवर मूठभर राळ फेकून जाळाचा भपका उडवत. ती राळ झाडाची. हल्ली घरोघरी ज्या 'रेझिन'चे ट्रे, घड्याळं आणि किल्ल्या अडकवायच्या साखळ्या होतात ती मात्र कारखान्यातली राळ. पूर्ण नाव इपॉक्सी रेझिन. सत्तरी उलटल्यावर मी तिच्या नादाला लागले आहे, हे नातेवाईक मंडळींना एव्हाना कळलेलं आहेच!

खरं तर ही बाई आपल्या घरात फार आधीच आली होती. अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवतात ना? एकीतलं थोडं, दुसरीतलं तेवढंच, काडीनं कालवायचं आणि कपाचा तुटलेला कान चिकटवून रात्रभर हात लावायचा नाही. तीच ही इपॉक्सी. पिएर कास्तां नावाचा एक स्विस रसायनशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात दातांच्या कवळीसाठी चांगला पदार्थ शोधत होता, त्यातून जे हाती लागलं त्याचे हक्क सिबा कंपनीनं घेतले आणि १९४६ साली अ‍ॅराल्डाइट बाजारात आलं. कवळीसाठी सुरू झालेला शोध, आणि आज माझ्यासारख्या, खरोखरच कवळी लावणाऱ्या बाया त्यातून समुद्र ओततात. गंमत आहे.

मला हे शिकवलं भाचेसुनेनं. काम दिसतं सोपं. एका बाटलीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं द्रव्य, त्याला हार्डनर म्हणतात. कंपनीनं जे प्रमाण लिहिलं असेल, एकास एक किंवा दोनास एक, ते काटेकोर पाळायचं. अंदाजपंचे चालत नाही. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट माल चिकटच राहतो. बारा इंची गोल फळीवर तीन मिलिमीटरचा थर द्यायचा तर किती द्रव लागेल? गणिताच्या तासाला विचारावा असा प्रश्न. उत्तर साधारण २२० मिलिलिटर. मग तीन-चार मिनिटं सावकाश ढवळायचं, घाईनं ढवळलं की बुडबुडे. फळी गवंड्याच्या लेव्हलनं तपासून सपाट ठेवायची, कारण ही राळ पाण्यासारखी उताराकडे धावते. हाताशी अर्धा-पाऊण तास असतो. कपातच जास्त वेळ राहू दिलं तर ते आपोआप तापतं, धूरसुद्धा येतो.

लाटेची युक्ती अशी. आधी निळ्या-हिरव्या छटा ओतायच्या, त्यांच्या कडेला बिनरंगाच्या राळेची एक रेघ, आणि त्या रेघेवर पांढऱ्या रंगाची बारीक धार. मग गरम हवेच्या यंत्रानं ती पांढरी धार निळ्यावर ढकलायची. ती पसरते, तिला जाळी पडते, आणि क्षणात फेस दिसू लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

आमच्या घोलवडला हे काम बाराही महिने होत नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं वर तेलकट साय धरते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पडवीत बसायचं. खोलीत नाहीच, कारण न वाळलेल्या राळेशी खेळ नको. कातडीला वारंवार लागली तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून जाड हातमोजे आणि वाफ अडवणारा, दोन बाजूंना दोन डबे असलेला मुखवटा. तो लावून बसले की वाडीतल्या बायका हसतात. ओतून झालं की वर चिकूचा रिकामा खोका उपडा घालायचा. नाहीतर सकाळी समुद्रात चिलटं तरंगताना दिसतात. चिकूच्या खोक्यांना आमच्याकडे तोटा नाही. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याखाली माझा समुद्र वाळतो.

पहिले तीन ट्रे मी निळे केले. सगळे करतात तसेच. गडद निळा, मग मोरपंखी, मग पिवळसर पांढरी वाळू. सगळ्यांना आवडले. दोन लग्नांत आहेर म्हणून गेले.

मग न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्याला लांबचा विमानप्रवास बंद केला आहे. म्हणजे तो आता घोलवडला येणार नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे आणि आम्ही ते एकमेकांशी बोलत नाही. ट्रेचे फोटो पाहून तो म्हणाला, "छान आहेत गं. पण हा कुठला समुद्र? मला आपला करून पाठव."

आपला! मी फोन ठेवला आणि विचार करत बसले. घोलवड-बोर्डीचा समुद्र ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. तो निळा नाही. मातकट आहे. कधी राखाडी, कधी दूध जास्त झालेल्या चहासारखा. त्यात मोठाल्या फेसाळ लाटाही नाहीत. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की मुंबईचे पाहुणे विचारतात, "समुद्र कुठे आहे?"

याची कारणं आम्ही मुलांना किनाऱ्यावर नेऊन सांगत असू. स्वच्छ, खोल पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग गिळतं आणि निळा परत पाठवतं. तळाशी पांढरी वाळू आणि वर उथळ नितळ पाणी असेल तर मोरपंखी रंग येतो. आमच्या उत्तरेला खंभातचं आखात आहे. नर्मदा आणि तापी तिकडे आपला गाळ आणून ओततात. किनाऱ्याचा उतार अगदी कमी, भरती-ओहोटीतला फरक मोठा. उधाणाचं पाणी रोज दोनदा तळ ढवळून काढतं. त्यामुळे गाळ खाली बसायला सवडच मिळत नाही. म्हणजे आमचा समुद्र घाणेरडा नाही, तो दोन मोठ्या नद्यांच्या वाटेवर आहे. पण रंगांच्या पेटीत त्याच्यासाठी बाटली नाही. दुकानात समुद्राचे रंग मागितले की बारा निळे पुढे येतात.

मग मी रोज संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली जाऊन बसू लागले. सत्तर वर्षं पाहिलेला समुद्र, पण रंग ओळखायला बसले की काही म्हणता काही सांगता येईना. ओल्या वाळूवर एक चंदेरी कातडी असते. तिच्याखाली शिशाच्या पेन्सिलीसारखा करडा. फेस पांढरा नाहीच, जुन्या वहीच्या पानासारखा पिवळसर. आणि सूर्य टेकला की पाच मिनिटं या सगळ्या मातीला तांबूस तेज चढतं. नितळ निळ्या पाण्यावर ते तेज तसं पसरत नसेल, असं आपलं मला वाटलं.

ओहोटीचाच देखावा करायचा ठरवलं. दहा इंची गोल. किनाऱ्यावरची दोन मुठी वाळू आणली, मीठ जायला गोड्या पाण्यानं तीनदा धुतली, उन्हात खडखडीत वाळवली. राळ स्वतः सपाट होत जाते, तिच्यावर वाळूच्या वळ्या उठत नाहीत. म्हणून आधी डिंकात वाळू कालवून फळीवर पसरली आणि ओली असताना बोटांनी वळ्या ओढल्या. दोन दिवसांनी वर पातळ राळ. तपकिरी, थोडा काळा, थोडा पांढरा, निळा अगदी टाचणीच्या टोकाएवढा, आणि त्या चंदेरी कातडीसाठी अभ्रकाची चिमूटभर पूड. तीन थर, प्रत्येक थरात एक दिवसाचं अंतर. पांढऱ्या धारेत किंचित पिवळा टाकला आणि गरम हवा लांबून दिली, मोठी लाट उठू नये म्हणून. शेजारीण पाहायला आली आणि म्हणाली, "मावशी, चहा सांडला का हो?"

ट्रे तिनं पाहिले होते तेव्हा कौतुक केलं होतं. यावर तिला काय बोलावं कळेना. मला मात्र बरं वाटलं. चहा तर चहा, घोलवडचा तरी आहे.

इथे मला एक गोष्ट स्वतःशीच भांडून ठरवावी लागली. आपलं ते खरं आणि बाहेरचं ते उसनं, असं म्हणायचं आहे का मला? नाही. जपानी चित्रकार होकुसाई याची ती जगप्रसिद्ध प्रचंड लाट साधारण १८३१ची. तिच्यातला गडद निळा 'प्रशियन ब्लू' मूळचा बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेला, परदेशातून जपानात आलेला रंग. म्हणजे उसना रंग घेऊनही आपला समुद्र काढता येतो. आमच्या बोर्डीचंच पाहा. १९४५ साली ताराबाई मोडकांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पद्धत इटलीच्या माँटेसोरीबाईंची. पण महागडी साधनं गावात कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच मोजायची आणि लावायची साधनं झाली. पद्धत परक्या देशातली, पण मुलाच्या हातात होता तो इथला शिंपला. माझ्या राळेचंही तेवढंच म्हणणं आहे. बाटली कुठूनही येवो, ओतण्याआधी आपण पाहिलं होतं का?

दुसरं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. इपॉक्सी म्हणजे शेवटी प्लास्टिकच. एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, तिचं दुसरं काही करता येत नाही. भरतीच्या रेषेवर रोज सकाळी पिशव्या, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे पडलेले असतात. ते ओलांडून समुद्र पाहायला जायचं आणि घरी येऊन प्लास्टिकचा समुद्र ओतायचा! याच तालुक्यात वारली बायका लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढत आल्या आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ती कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळ भिंतीवरचा चौक टिकण्यासाठी नसतोच. भिंत पुन्हा सारवली की तो गेला. लग्न झालं, त्याचं काम झालं. माझी फळी मात्र मी गेल्यावरही कुठेतरी पडून राहील.

यावर माझा तोडगा शिक्षकी आहे, फार मोठा नाही. किल्ल्यांच्या साखळ्या आणि कपाखालच्या चकत्या करत नाही. वर्षाला चार-पाचच फळ्या, त्याही कोणी मागितल्या तर. माप आधी काढायचं म्हणजे उरत नाही. जे कपात उरतं ते मोरीत ओतायचं नाही, घट्ट होऊ द्यायचं आणि मग टाकायचं. घासताना उडणारी पूड ओल्या फडक्यानं टिपायची. यानं समुद्राचं काही भलं होत नाही हे मला कळतं. निदान भर कमी पडते.

आणि तरी टिकणारी वस्तू का करावीशी वाटली, तेही सांगते. डहाणूच्या दक्षिणेला वाढवणला मोठं बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला त्याची पायाभरणी झाली. प्रकल्प ७६,२२० कोटींचा, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. सरकार म्हणतं रोजगार येईल. मच्छीमार म्हणतात आमचं पाणी जाईल. १९९१ साली केंद्र सरकारनं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता, त्या वेळी आम्ही मुलांकडून त्यावर निबंध लिहून घेतले होते. ती मुलं आता पन्नाशीला आली. त्यातली काही बंदराच्या बाजूची आहेत, काही विरुद्ध. पुढे काय होईल ते सांगणारी मी कोण? पण एखादी जागा बदलणार असं कळलं की माणूस तिचा फोटो काढून ठेवतो. मला फोटो नीट काढता येत नाही.

दादाची फळी पुतण्याच्या बॅगेतून, चार साड्यांच्या घड्यांत गुंडाळून गेली. पोचल्यावर दादा व्हिडिओवर दिसला. खूप वेळ फळीवरून बोट फिरवत होता. वळ्या राळेखाली आहेत, बोटाला लागत नाहीत, तरी फिरवत होता. म्हणाला काहीच नाही. त्याच्या तिथे जन्मलेल्या नातवानं मात्र विचारलं, "आजोबा, हे पाणी इतकं मळकं का आहे?" आणि दादा सुरू झाला. नर्मदा, तापी, खंभातचं आखात, उधाण, ओहोटीला आम्ही किती लांब चालत जायचो, परत येताना पाणी कसं पाठीशी लागायचं... मी इकडे भाजी निवडून संपवली तरी त्याचं चालूच होतं. मास्तरीण मी, पण तास त्यानं घेतला!

निळ्या ट्रेवर कोणी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

असो. धाकट्या बहिणीनंही आता एक मागितली आहे, पण तिला भरतीची हवी, भर पावसाळ्यातली, काळ्या ढगांखालची. रंग मनात आहे. हवा कोरडी झाली की बसेन.