रुळांवरच्या पोळ्या

२०२० सालचा आरंभ आमच्या औरंगाबादेंत नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्धच्या मोर्च्यांनीं आणि महानगरपालिकेच्या निवडणुकीच्या गडबडीनें झाला. शहराच्या नांवाचा जुना वादही निघालाच. ओट्यावर बसून आम्ही त्यांत तावातावानें बोलत असूं. मार्चांत कोरोनाची सांथ व टाळेबंदी आली, निवडणूक लांबली, आणि वाद घालावयास ओट्यावर कोणी उरलें नाहीं.

८ मे रोजीं सकाळीं दूध आलें नाहीं म्हणून आम्ही कुरकुरत होतों. तोंच करमाडची बातमी आली. जालन्याच्या पोलाद-कारखान्यांतले मजूर मध्यप्रदेशांत घरीं जावयास रुळांच्या वाटेनें पायीं निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें, थकून, ते रुळांवरच निजले. पहांटेच्या मालगाडीखालीं १६ जण गेले. त्यांच्या पोळ्या तेथें विखुरल्या होत्या. जालन्याच्या सळया आमच्या घराच्या छतांतही असतील. पण त्या घडविणाऱ्यांचा विचार आम्हीं त्यापूर्वीं एकदांही केला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

२०२३ सालीं शहराचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें. ओट्यावरचा वाद पूर्ववत् चालू आहे. आम्हीही बोलतों, मात्र जालन्यास जातांना करमाड आलें कीं खिडकीबाहेर पाहण्याचें टाळतों.