मण्याला बोट नको

काळ्या द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी निळसर झाक असते. लोक तिला धूळ समजतात, नाहीतर फवारणीची पावडर. बोट फिरवलं की तेवढ्या जागी मणी गडद, चकचकीत दिसू लागतो. निफाडजवळ आजोळच्या बागेत घड तोडताना आई दर वेळी बजावायची, "देठाला धर. मण्याला बोट नको."

त्या झाकेसाठी इंग्रजीत एक विशेषण आहे, हे मला फार उशिरा कळलं. ग्लॉकस. बोलण्यात ते सहसा येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मात्र जागोजाग भेटतं. कोबीचं पान ग्लॉकस, कांद्याची पात ग्लॉकस, पिकलेला कोहळाही. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरच्या एका फिकट राखाडी पाठीच्या कुरव पक्ष्याच्या नावातही तेच. पानाफळांवरचा थर मेणाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा असतो. उजेड त्यांच्यावर विखुरतो, म्हणून निळसर दिसतं. फळातलं पाणीही त्यानं टिकतं. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं. तो रंग सांगतो आणि त्याच दमात हेही सांगतो, की अजून इथे कुणाचा हात लागलेला नाही.

मूळ ग्रीक, ग्लाउकोस. होमरनं तो समुद्राला लावला. त्याच्या अथेना देवीचं नेहमीचं विशेषण ग्लाउकोपिस. त्यातही हाच शब्द, तिच्या डोळ्यांसाठी. तो रंग निळा, हिरवा, राखाडी, की नुसतीच चमक, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला चमक पटते. पहाटेच्या गंगापूर धरणाचं पाणी ज्यानं पाहिलंय, त्याला रंगाचं नाव सांगता येणार नाही.

याच मुळातून ग्लॉकोमा आला. बाहुलीवर निळसर झाकोळ दिसला की प्राचीन ग्रीक वैद्य हा शब्द वापरायचे. आपण काचबिंदू म्हणतो. आईला तो झालाय. यात नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली राखण्यासाठी.

परवा शरद सीडलेसचा घड आणला. आईच्या हातात दिला, तर तिनं बोटांनी चाचपत आधी देठ शोधला, मग घड उचलून खिडकीकडे धरला.

"झाक आहे ना गं अजून?"

"आहे. तुझ्या बाजूनं तर पुरती आहे."