दिवा हलतोय का?

आमच्या घरात बशी वाजली की आई आधी वर बघायची. खोलीच्या मधोमध वायरला लोंबणारा दिवा हलत असला तर भूकंप. नसला तर अण्णा चहा घेऊन येतायत.

हा विनोद अलोऱ्यात कुणाला समजावून सांगावा लागत नसे. पोफळीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कोळकेवाडीला अडवायचं आणि त्याच्यावर पुन्हा वीज करायची, हा कोयना प्रकल्पाचा तिसरा टप्पा. त्या कामावरच्या माणसांची आमची वसाहत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप सोसलेली माणसं शेजारीपाजारी होती. पुढच्या बारीकसारीक धक्क्यांना आम्ही पोरं इतकी सरावलो होतो, की सकाळी नळावर “रात्रीचा जाणवला का गं?” एवढीच चौकशी व्हायची आणि कळशी भरायची.

अण्णा ड्राफ्ट्समन. त्यांच्या रूलिंग पेनाला पोलादाच्या दोन पातळ जिभा असत. त्यांच्या फटीत शाईचा थेंब सोडायचा, बारीक स्क्रू पिळून रेघेची जाडी ठरवायची. पट्टीच्या आधाराने ओढलेली रेघ त्यांना साधायची. खरी परीक्षा अक्षरांची. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून, श्वास रोखून ते एकेक अक्षर काढत. पुढे पुढे तेही जमेना. त्यांना टेबलावरून उठवून नकाशांच्या नोंदी ठेवायला बसवलं. “घेत असेल,” असं कुणीतरी त्यांना ऐकू जाईल इतपत हळू बोललं. अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी चहा मात्र बशीशिवाय, पेल्यातून घेतला.

औषधं झाली. कंपवात म्हणून खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण झालं. शाळेत एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची ती खाजकुइली अण्णा दुधातून घेतायत, याचं आम्हाला हसू यायचं. पण ते औषध पोकळ नव्हतं. याच बियांमधून १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या शास्त्रज्ञांनी लेव्होडोपा वेगळं काढलं होतं, आणि आमच्याकडची जमीन हादरली त्याच १९६७ साली अमेरिकेत कोट्झियस यांनी पार्किन्सनच्या रोग्यांवर त्याचा गुण दाखवून दिला. औषध खरं होतं, अण्णांचा कंप वेगळा होता. हे कळायला मला माझाच हात थरथरावा लागला.

चव्वेचाळिसाव्या वर्षी आधी रांगोळीने चुगली केली. ठिपके नीट पडायचे, पण त्यांना जोडणारी रेघ नागमोडी. मग हळदीकुंकवाला बायकांच्या कपाळावर कुंकू लावताना मी बोट टेकवायला कचरू लागले. शेवटी बँकेतून चेक परत आला: सही जुळत नाही. मी मराठीची शिक्षिका, हजारो मुलांना ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारलेली. त्या रात्री पार्किन्सन या एका शब्दाने मला झोपू दिलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी कुठलंही यंत्र लावण्याआधी हात मांडीवर सैल ठेवायला सांगितलं. हात शांत. पुढे ताणले, थरथरले. मग कागदावर, हात न टेकवता, आतून बाहेर जाणारी गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढायला लावली. ती करवतीसारखी आली. मग एक वाक्य लिहून घेतलं. “पार्किन्सनमध्ये बहुतेकदा हात स्वस्थ असताना कापतो आणि अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. तुमचा काम करताना कापतोय, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे. घरात आणखी कुणाला?” मी बशीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, “त्यांनी खरंच घेतली असती ना, तर तासभर हात थोडा स्थिर राहिला असता.” दारूने हा कंप तात्पुरता कमी होतो. म्हणून ती औषध ठरत नाही. पण हे ऐकून मला अण्णांच्या वतीने रडू आलं.

नाव निघालं इसेन्शियल ट्रेमर. इथे इसेन्शियल म्हणजे आवश्यक नव्हे, तर ज्याच्यामागे दुसरा आजार सापडत नाही असा. तो पुष्कळदा घराण्यातून येतो. थायरॉइड तपासून झालं. नेहमीची गोळी प्रोप्रॅनोलॉल, पण मला दमा, म्हणून ती बाद. शिवाय दम्याचा पंप कंप वाढवतो तो वेगळाच. मग रात्री प्रिमिडोन, अगदी थोड्या मात्रेपासून. पहिले चार दिवस मी झोपेत चालल्यासारखी वावरले. महिन्याभरात कंप निम्म्यावर आला, गेला नाही. फारच अडलं तर मेंदूत तार बसवण्याची किंवा ध्वनिलहरींनी नेमका बिंदू जाळण्याची सोय आहे, असंही कळलं. माझं तेवढं अडलेलं नाही.

आता जाड पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळते. कोपरापासून हात टेबलावर टेकवते. दुरेघी वही आणली आहे, पहिलीतल्या पोरांची. सही पूर्ण नावाऐवजी दोन मोठ्या अक्षरांत करते आणि बँकेत नमुनाही नवा दिला आहे. चहा एकच कप, आणि तो अर्धा भरून. लांबलचक मजकूर फोनला बोलून सांगते. जोडाक्षरांत तो माझ्या विद्यार्थ्यांइतकाच चुकतो. कुंकू लावताना सरळ सांगते, “हात कापतो हो माझा, जरा खाली वाका.” बायका वाकतात.

अण्णांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या अलोऱ्याच्या घरात तो वायरचा दिवा मी हट्टाने ठेवला आहे. परवा दुपारी तिथे जेवायला बसलो असताना वाटी ताटावर किणकिणली. सवयीने मी म्हटलं, “सॉरी हं, माझाच हात.”

हे वर बघत होते. “तुझे दोन्ही हात मांडीवर आहेत,” ते म्हणाले.

दिवा हलत होता.