पिंपळाखालच्या आजी

आमच्या शाळेच्या कुंपणाबाहेर एक जुना पिंपळ आहे. त्याच्या पारावर एक आजी चिंचा, बोरं, आवळे घेऊन बसतात. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आरडाओरडा ऐकून मी बाहेर धावले. पाहते तो पारावर बोरं विखुरलेली, आजी कपाळाला पदर दाबून बसलेल्या आणि कुंपणाच्या अलीकडे माझ्या चौथीतली चार मुलं. एकाच्या हातात दुसरा दगड तयार होता.

दगड भुवईच्या जरा वर लागला होता. थोडक्यात डोळा वाचला. मी प्रथमोपचाराची पेटी आणून पट्टी बांधली आणि त्या मुलाला विचारलं, "का मारलास रे?"

मान खाली घालून तो म्हणाला, "बाई, ती हडळ आहे."

मुलांनो, मला आधी हसूच आलं. मग नाही आलं. कारण त्याचं सगळं गणित त्याने मला समजावून सांगितलं. मामाच्या मोबाईलवर त्याने रात्री एकट्याने, पांघरुणात तोंड घालून, भुताचा सिनेमा पाहिला होता. त्यातल्या भुताचे केस आजींसारखेच पांढरे आणि मोकळे. आणि पिंपळावर तर मुंज्या असतो. मग त्याच्याखाली दिवसभर बसूनही जिला काहीच होत नाही, ती कोण असणार?

पिंपळावर मुंज्या असतो, हे त्याला कोणी सांगितलं? मी! आदल्याच आठवड्यात मोकळ्या तासाला मुलांनी हट्ट धरला, "बाई, भुताची गोष्ट." मीही खिडक्या लोटून, आवाज खाली आणून, अगदी रंगवून सांगितली. मुंज झाली आणि लग्नाआधीच वारला, तो मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, असं पूर्वी लोक मानत, तीच ती गोष्ट. मुलं गारठून बसली होती आणि मला वाटत होतं, काय छान सांगतो आपण!

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई शाळेत आली. पोराच्या मनगटात काळा दोरा होता. तो रात्री दचकून उठतो, लघवीलाही एकटा जात नाही, असं ती सांगत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, असले सिनेमे बघणं पाप असतं का हो? आमच्या शेजारच्या म्हणतात, त्यातून घरात वाईट शक्ती शिरते."

मी म्हटलं, सिनेमातून काही शिरत नाही. तिथे रंग असतो, आवाज असतो आणि अंधारात एकटं बसलेलं आपलं मन असतं. दोरा मात्र मी काढायला लावला नाही. त्याला त्याने धीर येत होता, येऊ दे. पण बाईंचा प्रश्न मनातून जाईना.

भिण्यात मजा असतेच, नाही असं कोण म्हणेल? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक हाही एक. मी स्वतः लहानपणी 'आहट' मालिका बोटांच्या फटींतून पाहिली आहे आणि मग शेजाऱ्यांच्या घरापासून आमच्या दारापर्यंत भीमरूपी म्हणत धूम ठोकली आहे. देवाधर्माला भुतांचं वावडं आहे असंही नाही. शंकराच्या लग्नाच्या वरातीत कोण होतं, आठवा बरं.

माझं आजोळ वेंगुर्ले तालुक्यात. तिथे आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा! पण तो गावचा राखणदार आहे. रात्रभर गावाभोवती फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. वीज गेली की दाराला कडी घालत माझी आजी म्हणायची, "बाहेर वेतोबा फिरतोय, झोप आता निर्धास्त." त्याच अंधारात, त्याच वेताळाच्या नावाने मला गाढ झोप लागायची. सिनेमात वेताळ आला असता, तर मी किंचाळले असते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. तिच्यात पहिलंच नाव अभय, म्हणजे निर्भयता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत विनोबा म्हणतात, की या गुणांच्या सैन्यात अभय आघाडीला आहे आणि पिछाडी सांभाळायला नम्रता आहे. हे वाचताना मला दगडवाला मुलगा आठवला. तो भित्रा ठरू नये म्हणून बाकीच्या तिघांना म्हणाला होता, "मी नाही भीत कुणाला, बघा." आणि त्याने दगड उचलला. अभय आहे असं दाखवायला गेला आणि हाताखाली सापडली एक म्हातारी.

त्या आईला मी शेवटी इतकंच सांगितलं, की त्याला काही दिवस एकट्याने काही बघू देऊ नका, आणि त्याने काय पाहिलं ते त्याच्याच तोंडून सगळं ऐका, मध्ये हसू नका. पालकांनो, २०२४ पासून आपल्याकडे सिनेमांना सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्या मुलांसाठी असे वेगवेगळे शिक्के मिळतात. तेवढे तरी बघत जा. भुताच्या गोष्टी मी अजून सांगते, पण आता खिडक्या उघड्या ठेवून आणि गावातल्या कुठल्याही झाडाचं नाव न घेता.

त्या मुलाला घेऊन मी पारावर गेले. त्याने माफी मागितली, माझ्या मागे उभं राहून. मीही मागितली. आजींना आमची माफी फारशी कळली नसावी. त्या म्हणाल्या, "बोरं मातीत गेली की गं बाई, त्याचं काय?" बोरांचे पैसे मी दिले. ते त्या मुलाने द्यायला हवे होते, असं नंतर वाटलं.

महिनाभर तो पाराकडे फिरकला नाही. मग एके दिवशी मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तो लांबूनच हात ताणून पाच रुपयांच्या चिंचा मागत होता. आजींनी मूठभर जास्तच दिल्या. त्याने नाणं त्यांच्या हातावर ठेवलं आणि पळत सुटला. वर पिंपळाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.