नेकारकाठची शर्यत

बेळगावचे आणि लोखंडाचे नाते जुने आहे. उद्यमबागेतील भट्ट्या पेटण्याच्या कितीतरी आधी, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बंधू रामुअण्णा यांच्यासह या गावात सायकलींचे दुकान थाटले. त्या उद्योगातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र निघाले, लोखंडी नांगर निघाला; आणि १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. ही कथा आपल्या भागातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच सुमारास जर्मनीतील एका लहानशा गावानेही सायकलीवरूनच आपला प्रवास आरंभिला होता, हे गेल्या उन्हाळ्यात ते गाव पाहताना आमच्या ध्यानात आले.

गावाचे नाव नेकार्सुल्म. नेकार नदीला सुल्म नावाची चिमुकली नदी येथे मिळते, म्हणून हे नाव. भोवती द्राक्षमळ्यांनी झाकलेल्या टेकड्या आणि मध्ये जुना गढीवजा वाडा. या वाड्यात १९५६ पासून दुचाकी वाहनांचे संग्रहालय आहे. स्टुटगार्टला असणाऱ्या आमच्या भाच्याने आम्हास तेथे नेले, तेव्हा मास्तराला मोटारसायकलींचे काय कौतुक, असेच प्रथम वाटले. पण दोन तास कसे सरले ते कळले नाही.

या गावचा कारखाना मूळचा विणकामाच्या यंत्रांचा. १८७३ साली डॅन्यूबकाठच्या रीडलिंगन गावी तो निघाला आणि १८८० साली येथे आला. १८८६ पासून तेथे सायकली होऊ लागल्या, १९०१ साली मोटारसायकल आली. गावाच्या नावातील तीन अक्षरे उचलून 'एन. एस. यू.' हे नाव पडले. १९०७ साली इंग्लंड व आयर्लंड यांमधील आयल ऑफ मॅन बेटावर जी प्रसिद्ध शर्यत प्रथम झाली, तीत या कारखान्याच्या मार्टिन गायगर याने पाचवा क्रमांक मिळविला होता.

परंतु खरा वैभवकाळ आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. बॉम्बहल्ल्यांनी गाव उद्ध्वस्त झालेले, जर्मन स्पर्धकांना आंतरराष्ट्रीय मैदाने बंद. ती बंदी उठल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत १२५ आणि २५० सी. सी.च्या दोन लहान गाड्यांनी जग जिंकले. इंजिन लहान, पण त्याचे फेरे अतिशय वेगवान. आणि वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून पुढील अंगावर अॅल्युमिनियमचे कवच. एका कवचाला डॉल्फिनचे नाव, दुसऱ्याला निळ्या देवमाशाचे! १९५३ साली वेर्नर हास याने या दोन्ही वर्गांतील विश्वविजेतेपदे मिळविली. १९५४ साली आयल ऑफ मॅनच्या २५० सी. सी. शर्यतीत पहिले चारही क्रमांक याच कारखान्याचे होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दैव फिरले. इटलीतील मॉन्झा येथे सराव करताना रूपर्ट होलाउस हा ऑस्ट्रियन तरुण गाडीवरून पडून मरण पावला. तेविसावा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा झाला होता. १२५ सी. सी.चे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. मोसम संपताच कारखान्याने आपला संघ शर्यतींतून काढून घेतला. या निर्णयामागे केवळ शोकच होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शर्यतींचा खर्चही अफाट होता. तरीही विजयाच्या शिखरावरून स्वेच्छेने खाली उतरणे सोपे नसते. पुढे कारखान्याने साध्या गाडीवरून बेतलेली शर्यतीची गाडी इतरांना विकली, आणि १९५५ साली पंचेचाळीस वर्षांच्या हेर्मान पाउल म्युलर याने तीवरच विश्वविजेतेपद मिळविले.

१९५४ च्या त्या बेटावरील शर्यतीला जपानहून एक प्रेक्षक आला होता. त्याचे नाव सोइचिरो होंडा. जर्मन इंजिनांची ताकद पाहून तो थक्क झाला, पण खचला नाही. १९५९ साली त्याचा संघ त्याच बेटावर उतरला आणि १९६१ साली १२५ व २५० सी. सी.ची दोन्ही विजेतेपदे होंडाकडे गेली. इकडे नेकार्सुल्ममध्ये मोटारसायकली बंद पडल्या, १९६९ साली कंपनी आउडीच्या कुळात विलीन झाली. कारखाना आजही चालतो, तीन अक्षरे मात्र संग्रहालयात उरली.

वाचकहो, हे सारे पाहताना आमच्या मनात निपाणीजवळचा तवंदी घाट होता. महामार्ग रुंद झाला, गाड्या वेगवान झाल्या, आणि अंगात वारे भरलेली आमची मुले त्या उतारावर एकमेकांशी पैजा लावतात. आमचा एक गुणी माजी विद्यार्थी त्याच घाटात गेला. नेकारकाठच्या त्या वीरांपाशी मोकळी केलेली वाट होती, शिकवलेले शरीर होते, वळणन् वळण पाठ होते. तरीही मरण चुकले नाही. घाटात तर समोरून कधी उसाची ट्रॉली येईल, कधी एस. टी. येईल.

मुलांना वेगाची ओढ असणारच, ती मारून टाकावी असे आम्ही म्हणणार नाही. सायकलीच्या दुकानातून कारखाना उभारणारी माणसे याच मातीतली. परंतु वेग समजून घ्यायचा तर तो इंजिन उघडून, हात काळे करून समजून घ्यावा. आमच्या शाळेच्या कार्यशाळेत एक जुनी मोटारसायकल यंदा त्यासाठीच आणून ठेवली आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहावीची मुले तिच्याभोवती बसतात.