वेळ आणि चूक

मराठी शिकवू लागण्यापूर्वी काही वर्षे आम्ही संगणकाच्या नोकरीत काढली, हे आमच्या वर्गातल्या मुलांना खरे वाटत नाही. काम होते लिनक्सच्या कर्नलसाठी चाचण्या लिहिण्याचे. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा; मेमरी कोणाला किती, प्रोसेसर कोणाला केव्हा, ही सारी वाटणी त्याच्याकडे. चाचणी त्याला एक काम सांगते आणि उत्तर बरोबर आले की नाही एवढेच पाहते. पास किंवा नापास.

या चाचण्यांत आम्ही मोठ्या हौसेने वेग मोजणारी एक चाचणी घातली. एका प्रोसेसचा निरोप दुसरीला पोचायला ठरावीक मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागला, की नापास. आमच्या टेबलावरच्या यंत्रावर ती महिनाभर गुण्यागोविंदाने चालली. पुढे तिला अशा सर्व्हरवर नेले, जिथे एकाच प्रोसेसरवर अनेक आभासी यंत्रे दाटीवाटीने नांदत होती. तिथे ती दिवसाआड नापास होऊ लागली. आम्ही मर्यादा दुप्पट केली, मग चौपट. अखेर ती इतकी सैल झाली, की कर्नलचा वेग खरोखरच निम्म्यावर आला असता तरी तिला पत्ता लागला नसता. आणि तरीही ती अधूनमधून लाल होतच होती. लाल दिसले की ‘तीच असेल’ म्हणायचे आणि चहाला जायचे, अशी सगळ्यांना सवय लागली. त्यात आमची सर्वांआधी. एकदा लाल झालेली चाचणी ‘ती’ नव्हती. फायलीतला मजकूर बिघडवणारी चूक आठवडाभर आमच्या डोळ्यांसमोर होती, आणि आम्ही ती पाहिली नाही.

ओळ वृत्तात बसते की नाही, हे गण पाडून ठरवता येते. ती म्हणायला किती वेळ लागला, हे म्हणणाऱ्याच्या दमावर अवलंबून. पहिल्या प्रश्नाच्या रकान्यात दुसऱ्याचे उत्तर भरले, हा आमचा अपराध.

लिनक्सची मंडळी याबाबतीत शहाणी म्हणायची. कर्नलच्या मूळ संहितेसोबतच येणाऱ्या ‘केसेल्फटेस्ट’मध्ये प्रत्येक चाचणीला सहसा ४५ सेकंदांची मुदत असते, पण यंत्र बदलले की वेळही बदलतो, म्हणून मुदत उलटणे हा घातक दोष मानलेला नाही. वेग मोजणारे ‘पर्फ बेंच’ त्याच संहितेत, पण वेगळ्या दालनात राहते.

मात्र ‘वेग मोजूच नका’ म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. २०१८च्या नोव्हेंबरात स्पेक्टर या दोषावरचा एक उपाय कर्नलमध्ये सरसकट लागू झाला आणि काही कामे जवळजवळ निम्म्या वेगाने होऊ लागली. उत्तरे सगळी बरोबर! पास-नापास पाहणाऱ्याला त्यात वावगे काही दिसलेच नसते. आकडे मोजणारे होते म्हणून बोभाटा झाला, आणि खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी हरकत घेतली. उलट २०२४च्या नोव्हेंबरात इंटेलच्या स्वयंचलित तपासणीने एका छोट्या बदलामुळे एका मोजणीत ३,८८८.९ टक्के सुधारणा नोंदवली. बातम्या झाल्या. तो बदल मुळात आधीच्या एका बदलाने केलेले नुकसान भरून काढणारा होता, हे वाचायला मात्र खाली जावे लागे. असो.

आम्ही ती चाचणी काढून टाकली नाही. तिच्यातली ‘नापास’ म्हणणारी ओळ तेवढी खोडली. एका कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर, ज्याला दुसरे काही काम नव्हते, ती रोज रात्री एक आकडा फायलीत लिहीत असे, आणि सकाळी आल्यावर आम्ही तो कालच्या आकड्याशेजारी ठेवून पाहत असू. नोकरी सोडली तेव्हा त्या फायलीत चारशेच्या वर ओळी होत्या.